मेहर बाबा म्हणजे आपले अरणगावचे मेहेरबाबा नव्हेत, राव!

आधी माझी चूक सांगतो, मग इतरांच्या काढतो. नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये येऊन म्हणणारच, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

२०१८ ची गोष्ट. मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होतो. रात्री साडेदहाच्या सुमारास एजन्सीची बातमी आली. हवाई दलाने ड्रोनसाठी एक स्पर्धा जाहीर केली आहे, नाव 'मेहर बाबा'. पान लावणारा पोरगा म्हणाला, "दादा, जागा उरतीय, फोटो टाकू का?" मी मान वर न करता म्हणालो, "टाक की. मेहेरबाबांचा आहे आपल्याकडे, अमरतिथीच्या वेळचा." त्याने टाकला. छापूनही आला.

नगर जिल्ह्याबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. नगरहून दौंडकडे जाताना अरणगावजवळ मेहेराबाद लागतं. मेहेरबाबांची समाधी तिथे आहे. ३१ जानेवारीला देशोदेशीचे भक्त येतात, मौन पाळतात. आमच्याकडे 'मेहेरबाबा' म्हटलं की दुसरं कुणी डोळ्यासमोर येतच नाही. त्यामुळे हवाई दलाच्या बातमीत बाबांचा हसरा फोटो बघून मालकापासून वाचकापर्यंत कुणालाही काही खटकलं नाही. भक्त मंडळींपैकी एकाने तर अभिनंदनाचा फोन केला.

खटकलं फक्त एका माणसाला. दुसऱ्या दिवशी दुपारी सत्तरीचे एक गृहस्थ ऑफिसात आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, पायात पॉलिश केलेले बूट. हातात आमचाच अंक. हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त, जवळच्याच गावचे. मला वाटलं आता झापणार. त्यांनी अंक टेबलावर ठेवला, फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पत्रकार साहेब, हे बाबा मोठे आहेतच. पण हे ते बाबा नाहीत. ते बाबा सरदारजी होते. आणि ते नसते तर लेह आज आपल्या नकाशात असतं की नाही, देव जाणे."

खरं सांगतो, मला एक अक्षर माहीत नव्हतं. पत्रकारितेचा डिप्लोमा, तेव्हाच पंधरा वर्षांची नोकरी, प्रत्येक २६ जानेवारीला 'वीर जवान तुझे सलाम' छापाची पुरवणी काढायचा अनुभव. आणि एक अक्षर नाही.

त्या दिवसापासून या माणसाचा नाद लागला. आज लिहितोय ते त्याच्यासाठी. थोडं लांबेल. वेळ असेल तर वाचा, नसेल तर सेव्ह करून ठेवा.

कोण होते मेहर सिंग?

२० मार्च १९१५ चा जन्म, लायलपूरचा. म्हणजे आजचं पाकिस्तानातलं फैसलाबाद. इंग्लंडला क्रॅनवेलच्या हवाई दल कॉलेजात निवड झाली आणि १९३६ मध्ये वैमानिक अधिकारी म्हणून बाहेर पडले. भारतीय हवाई दल तेव्हा नावालाच होतं. ८ ऑक्टोबर १९३२ ला त्याची कागदावर स्थापना झाली, पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ ला कराचीत उभी राहिली, ती चार वापिटी विमानांवर. दोन पंखांची, उघड्या कॉकपिटची ती विमानं. हिंदी माणसाला विमान झेपेल का, याचीच परीक्षा बघायला जणू ती दिली होती.

वायव्य सरहद्दीवर, वझिरिस्तानच्या डोंगरात, मेहर सिंग यांचं विमान एकदा खालून झालेल्या गोळीबारात सापडलं. खडकाळ दरीत कसंबसं उतरवलं. खाली टोळीवाले शोधतायत, वर रात्र पडतीय. ते आणि त्यांचे गनर गुलाम अली अंधारात लपतछपत चालत लष्कराच्या छावणीपर्यंत पोचले आणि पुन्हा कामाला लागले. एक शीख, एक मुसलमान, एकाच विमानात, एकमेकांच्या जिवावर. हे वाक्य मी मुद्दाम लिहिलंय. आजकाल मुद्दामच लिहावं लागतं.

मग दुसरं महायुद्ध. ब्रह्मदेशच्या आघाडीवर सहा नंबरची स्क्वाड्रन त्यांच्या हाताखाली होती, हरिकेन विमानांची. काम काय? शत्रूच्या डोक्यावरून खालून उडायचं, बघायचं, फोटो काढायचे आणि जिवंत परत येऊन सांगायचं. विमानं जोडीने जायची, एक खाली बघणार, दुसरा त्याची पाठ राखणार. या स्क्वाड्रनला 'चौदाव्या आर्मीचे डोळे' म्हणायचे. त्या आर्मीचे सेनापती जनरल स्लिम यांनी पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात तिचं कौतुक केलंय. मेहर सिंग यांना डीएसओ मिळाला. दुसऱ्या महायुद्धात हा सन्मान मिळालेले भारतीय हवाई दलाचे ते एकमेव अधिकारी. इथपर्यंतचं कर्तृत्वसुद्धा एका आयुष्याला पुरलं असतं. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

तीन उड्डाणं

पहिलं श्रीनगर. २६ ऑक्टोबर १९४७ ला महाराजांनी सामीलनाम्यावर सही केली. २७ च्या सकाळी पहिली डकोटा विमानं शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरच्या कच्च्या धावपट्टीवर उतरली. हल्लेखोर बारामुल्ल्यापर्यंत आलेले. हवाई दलाकडची विमानं पुरेना, तेव्हा नागरी कंपन्यांची प्रवासी विमानं मागवली. कालपर्यंत शेठजींना नेणारी विमानं आज जवान, काडतुसं, रेशन नेऊ लागली. पाच दिवसांत एक अख्खी ब्रिगेड विमानाने श्रीनगरला पोचवली गेली. ही जुळवाजुळव करणाऱ्यांत मेहर सिंग पुढे होते. पुढे जम्मूतल्या ऑपरेशनल ग्रुपची सूत्रंच त्यांच्याकडे आली.

दुसरं पूंछ. हे नाव आपण आता फक्त गोळीबाराच्या बातम्यांत वाचतो. नोव्हेंबर १९४७ पासून पूंछला वेढा पडला होता. आत लष्कराची छोटी शिबंदी आणि सुमारे ४० हजार निर्वासित. रस्ता बंद, धान्य संपत आलेलं. ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांनी ठरवलं की गावातच धावपट्टी करायची. बांधली कुणी? जवानांनी आणि त्याच उपाशी निर्वासितांनी. बायाबापड्यांनी, म्हाताऱ्यांनी. साधारण सहाशे यार्डांची पट्टी, तिन्ही बाजूंनी ओढे, चहूबाजूंनी डोंगर आणि डोंगरावर शत्रू. डकोटासारख्या विमानाला ती फारच आखूड. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर मालट्रक बोळात वळवायचा, आणि तोही वरून दगड पडत असताना.

डिसेंबर १९४७ मध्ये तिथे पहिलं विमान उतरवलं ते मेहर सिंग यांनी स्वतः. बरोबर कोण होतं? एअर व्हाइस मार्शल सुब्रतो मुखर्जी, जे पुढे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. म्हणजे "तुम्ही जा, आम्ही ऑफिसातून बघतो" असला प्रकार नव्हता. एकदा बाबा उतरले म्हटल्यावर बाकीच्या पोरांना 'जमत नाही' म्हणायची सोयच उरली नाही. मग विमानांची रीघ लागली. येताना धान्य, औषधं, दारूगोळा. जाताना जखमी आणि निर्वासित. शत्रूच्या तोफांनी पट्टीवर नेम धरला, तेव्हा रात्रीच्या अंधारात, तेलाच्या दिव्यांच्या उजेडात, विमानातून आपल्या तोफा उतरवल्या. पूंछचा वेढा फुटायला नोव्हेंबर १९४८ उजाडला. वर्षभर ते गाव आकाशातून जगलं.

तिसरं लेह. १९४८ च्या उन्हाळ्यात लडाख हातचं जाण्याच्या बेतात होतं. तिथे सोनम नोर्बू नावाच्या लडाखी इंजिनिअरने सिंधूच्या काठी, वाळू-दगडात, गावकऱ्यांना घेऊन धावपट्टी तयार केली. दहा हजार फुटांच्या वर. तिथे तोवर एकही विमान उतरलेलं नव्हतं. वाटेत वीस हजार फुटांच्या वर चढावं लागणार. डकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही. त्या वाटेचे विमानासाठीचे नकाशे नाहीत. खाली झोजीला, फोतूला असल्या खिंडी. इंजिन बंद पडलं तर उतरायला जागाच नाही.

२४ मे १९४८. मेहर सिंग डकोटा घेऊन निघाले. शेजारी बसले होते मेजर जनरल थिमय्या, त्या आघाडीचे सेनापती. उतरले. त्यानंतर गोरखा जवान विमानाने लेहला पोचवता आले आणि लेह वाचलं.

मला सांगा, तुमच्यापैकी किती जण लेह-लडाखला फिरून आलेत? विमानतळावर उतरल्या उतरल्या सेल्फी काढलेत? मीही काढलाय. ती पट्टी कुणाच्या जिवावर उभी आहे, हे तिथे आपण किती जणांना विचारलं?

मग विसरलो का?

आता मूळ मुद्द्यावर येतो. इथून पुढे काही जणांना झोंबेल. इलाज नाही.

मेहर सिंग विसरले गेले हा अपघात नाही. आपल्याला वीर कसा हवा असतो, त्याचा एक साचा ठरलेला आहे. त्या साच्यात हा माणूस बसत नाही. तीन ठिकाणी बसत नाही.

एक. आपल्याला मारणारा वीर हवा असतो. हा पोचवणारा होता. त्याच्या सगळ्यात मोठ्या तीन पराक्रमांत विमानातून उतरलं काय? माणसं, पिठाची पोती, औषधं, तोफा. परत नेलं काय? जखमी, पोरंबाळं. गरज पडली तेव्हा याच डकोटाच्या दारातून बॉम्ब ढकलण्याचे उद्योगही झाले, नाही असं नाही. पण मुळात हे ओझं वाहण्याचं शौर्य आहे. आणि ओझं वाहणाऱ्याला आपल्याकडे मान कधी होता? बाजार समितीतल्या हमालाला विचारा.

आपल्या मनात हवाई दल म्हणजे फक्त लढाऊ विमान. २०१३ मध्ये उत्तराखंडच्या प्रलयात माणसं बाहेर काढताना हवाई दलाचं हेलिकॉप्टर कोसळलं, २० जण गेले. किती जणांना आठवतं? एप्रिल २०२१ मध्ये आपल्या आया-बापांना ऑक्सिजन मिळेना, तेव्हा पुण्याहून रिकामे टँकर उचलून जामनगरला नेले ते हवाई दलाच्या मालवाहू विमानांनीच. त्या वैमानिकांचे फ्लेक्स कुठल्या चौकात बघितले? टँकरबरोबर फोटो काढणाऱ्या पुढाऱ्यांचे मात्र बघितले. सगळ्यांनी बघितले.

दोन. आपल्याला शहीद वीर हवा असतो. जिवंत वीर अडचणीचा. तो उद्या काहीतरी बोलेल, आपल्या व्यासपीठावर यायला नाही म्हणेल. फोटो काही बोलत नाही. मेहर सिंग रणांगणावर गेले नाहीत. मार्च १९५२ मध्ये जम्मूहून दिल्लीला येताना वादळात विमान सापडलं आणि ते गेले. ३७ वा वाढदिवस काही दिवसांवर होता. मृत्यू विमानातच, पण अंगावर वर्दी नाही. त्यामुळे यादीत नाव कुठे घालायचं हा प्रश्न. मग घातलंच नाही.

तीन. हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याला आज्ञाधारक वीर हवा असतो. मेहर सिंग तसे नव्हते. वरिष्ठांशी खटके उडाले. ज्या वर्षी लेहला विमान उतरवलं, त्याच वर्षी, १९४८ मध्ये, ते हवाई दलातून बाहेर पडले. बाहेर युद्ध अजून चालू होतं! पुढे २६ जानेवारी १९५० ला स्वतंत्र भारताची शौर्यपदकं सुरू झाली आणि त्यांना महावीर चक्र मिळालं. परमवीर चक्रानंतरचं सगळ्यात मोठं पदक. पण तेव्हा ते हवाई दलात नव्हते.

चूक कुणाची होती यात मी पडत नाही. मला एवढंच म्हणायचंय की देशासाठी जीव धोक्यात घालणारा माणूससुद्धा वरच्याला 'हे बरोबर नाही' म्हणू शकतो आणि तरीही वीरच राहतो. हे आपल्या डोक्यात आज शिरत नाही. आज कुणी निवृत्त अधिकाऱ्याने एक प्रश्न विचारला की दोन तासांत त्याची देशभक्ती काढली जाते. काढणारे कोण? ज्यांनी आयुष्यात एनसीसीची परेडसुद्धा चुकवलेली आहे.

तुमचे आक्षेप मला माहीत आहेत

पहिला आक्षेप येणार: "इंग्रजांचं पदक मिरवणारा माणूस, त्याला कशाला डोक्यावर घ्यायचं?" भाऊ, १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये जर हे क्रॅनवेलला शिकलेले, ब्रह्मदेशात तावून सुलाखून निघालेले वैमानिक आपल्याकडे नसते, तर श्रीनगरला विमान कुणी उतरवलं असतं? मी आणि तुम्ही? विद्या कुणाकडून घेतली यापेक्षा ती कुणासाठी वापरली हे बघा. आणि डीएसओ अडचणीचा वाटत असेल तर महावीर चक्र आहे की. ते तरी आठवलं का?

दुसरा: "पंजाबचा माणूस, आपल्या महाराष्ट्राचा काय संबंध? आपल्या मातीतले वीर कमी आहेत का?" नाहीत कमी. पण आपल्या मातीतले तरी आठवतात का? त्याच युद्धात, त्याच डोंगरात, एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून देणारे लेफ्टनंट राम राघोबा राणे. कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे, ज्यांचं केंद्र पुण्याच्या खडकीत आहे. परमवीर चक्र, आणि तेही हयातीत. तेही पुन्हा वाट करून देणारेच, बघा! आमच्या तालुक्यात दहावीच्या तीन वर्गांत मी हे नाव विचारलं. एक हात वर आला. ती मुलगी सैनिकाची होती.

आणि नगरकरांनो, रणगाड्यांचं गाव म्हणून आपण छाती फुगवतो. संग्रहालयात जाऊन पोरांना रणगाड्यासमोर उभं करून फोटो काढतो. मग १ नोव्हेंबर १९४८ ला थिमय्यांनी झोजीला खिंडीत, बर्फात, रणगाडे चढवले ही गोष्ट कधी सांगितली का त्या पोरांना? लेह आधी विमानाने तगलं आणि मग ही खिंड उघडली, म्हणून लडाख राहिलं. मेहर सिंग आणि नगर यांचा संबंध नाही म्हणणाऱ्याने एकदा तो नकाशा समोर घेऊन बसावं.

तिसरा आक्षेप: "देशात अभिमानाचं वातावरण आहे, तुम्ही कशाला खुसपट काढताय?" याचं उत्तर देताना मला माझ्याच जातभाईंवर बोलावं लागेल. जातभाई म्हणजे पत्रकार.

मे २०२५ च्या त्या रात्री आठवा. टीव्हीवर सायरन वाजत होते. कुठल्या कुठल्या वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकलं. सकाळी उठून बघतो तर बंदर जागेवर! आमच्या गावातली दोन पोरं तेव्हा सीमेवर होती. त्यांच्या आया रात्रभर तोच टीव्ही बघत बसल्या होत्या. एकीने मला पहाटे चारला फोन केला, "दादा, खरं काय ते तुम्ही तरी सांगा." मला काय माहीत होतं? मी पण तोच टीव्ही बघत होतो. त्या माउलीला मी एवढंच म्हणालो की ताई, टीव्ही बंद करा आणि थोडं झोपा. पंचवीस वर्षांच्या पत्रकारितेत इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

अभिमान आणि गोंगाट यात फरक आहे. अभिमानाला माहिती लागते. गोंगाटाला फक्त आवाज लागतो. मेहर सिंग यांनी आयुष्याची उमेद टेहळणीत घालवली. जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि परत येऊन खरं तेवढंच सांगायचं. चुकीचं सांगितलं तर खालच्या पायदळातली माणसं मरणार. खरं म्हणजे हेच पत्रकाराचं काम आहे. स्टुडिओत खोट्या विमानांची ग्राफिक्स उडवणाऱ्यांनी त्या स्क्वाड्रनकडून एवढं जरी घेतलं असतं, तरी त्या आईची एक रात्र वाचली असती.

स्मारक नको, आठवण हवी

आता कुणीतरी उत्साही कार्यकर्ता म्हणेल, चला, चौकाला नाव देऊ. नको रे बाबा. आपल्याकडे चौकाला नाव देणं म्हणजे माणसाला कायमचं विसरण्याची अधिकृत पद्धत आहे. उद्घाटनाला हार, दुसऱ्या महिन्यात त्या पाटीवर वाढदिवसाचा फ्लेक्स, तिसऱ्या महिन्यात पाटीखाली वडापावची गाडी. गावोगावी चौकात उभी केलेली जुनी विमानं, रणगाडे, तोफा बघा. कशाचं आहे, कुठे लढलं, कोण चालवत होतं, एक ओळीची पाटी नसते. खाली शेळ्या बसलेल्या असतात. शेळ्यांचा दोष नाही.

गंमत म्हणजे हवाई दलाला स्वतःला बाबा नीट कळलेत. २०१८ च्या त्या पहिल्या स्पर्धेचा विषय काय होता, तर आपत्तीत अडकलेल्या लोकांपर्यंत मदत पोचवणारे ड्रोनचे थवे. म्हणजे पुन्हा पोचवणंच! ज्यांनी नाव दिलं त्यांना माणूस माहीत होता. आणि मी तिथे फोटो भलताच लावला.

माझं मागणं साधं आहे. शिक्षक मित्रांनो, दर २४ मे ला शाळेला सुट्टी असते हे मला माहीत आहे. पण जूनमध्ये शाळा उघडली की एक तास द्या. फळ्यावर काश्मीरचा नकाशा काढा. श्रीनगर, पूंछ, लेह असे तीन ठिपके द्या. मुलांना विचारा, रस्ता बंद आहे, आत ४० हजार माणसं उपाशी आहेत, तुम्ही काय कराल? दहा मिनिटं त्यांना भांडू द्या. मग गोष्ट सांगा. सांगताना फक्त वैमानिकाची सांगू नका. धावपट्टी करणाऱ्या सोनम नोर्बूंची सांगा. पूंछमध्ये उपाशीपोटी दगड वाहणाऱ्या निर्वासितांची सांगा. रात्री तेलाचे दिवे लावून उभ्या राहिलेल्या माणसांची सांगा. सरदारजींच्या विमानातल्या गुलाम अलींची सांगा. पोरांना कळू द्या की देश एकटा हिरो वाचवत नाही. अनेक जण मिळून, बरंचसं ओझं वाहून, वाचवतात.

आणि पत्रकार मित्रांनो, आपल्या पुरवणीत यंदा एक चौकट ठेवा. फोटो लावताना मात्र एकदा खात्री करा.

ते काका

शेवटी त्या वॉरंट ऑफिसर काकांचं सांगतो आणि थांबतो.

त्या दिवशी मी दुरुस्ती छापतो म्हणालो. काका म्हणाले, "छापा. पण चौकोनात बारीक अक्षरात 'दिलगिरी' नको. त्यांच्यावर चार ओळी लिहा." मी लिहिल्या. जागा नाही म्हणून दोन कापल्या गेल्या. तरी ते कात्रण त्यांनी जपून ठेवलं.

नंतर आमची ओळख वाढली. ते आयुष्यभर मालवाहू विमानांवर फिटर होते. लेहला दोन वेळा पोस्टिंग. पहाटे उणे पंधरात इंजिन तापवायचं, बर्फ झाडायचा, विमान गेलं की ते परत येईपर्यंत आकाशाकडे बघत उभं राहायचं. मी एकदा विचारलं, "काका, तुम्ही कधी लढाई बघितली का हो?" ते म्हणाले, "नाही. मी विमानं परत येताना बघितली. एकदा एक आलं नाही." पुढे बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. अंत्यविधीला गावातली तीस-चाळीस माणसं. पुढारी कुणी नाही. 'अमर रहे'चा फ्लेक्स नाही. एक जण हळूच म्हणाला, "मिल्ट्रीत होते, पण लढाईत नव्हते ना." मी तिथे काही बोललो नाही. स्मशानात वाद घालत नसतात.

म्हणून इथे बोललो.

ज्या देशाला पोचवणारी माणसं आठवत नाहीत, त्याच्यावर उद्या पुन्हा वेढा पडला तर आत अडकलेल्यांना कोण आठवणार आहे?

पटलं तर शेअर करा. नाव टाकलं नाही तरी चालेल, पण मजकूर बदलू नका आणि खाली भलताच फोटो लावू नका. न पटलं तर कमेंटमध्ये भांडा. मी आहे इथेच.